आईंना नमस्कार सांगा

दिवेआगरच्या घरगुती हॉटेलच्या ओसरीवर अभिजित भजी खात वाचत होता आणि मधूनच खुदकन हसत होता. बायकोने, शाल्मलीने, आपल्या गेलेल्या आईच्या आजारपणावर लिहिलेली कादंबरी त्याने दोन वर्षांनी एकदाची हातात घेतली होती, म्हणून ती कौतुकाने मागे येऊन उभी राहिली.

पान एकशे चाळीस. तिथे आईचा सडलेला पाय कापतात.

"इथे हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, तुझी आई नर्सला लाडू वळायला शिकवतेय. मस्त जमलंय!"

तिने असलं काही लिहिलंच नव्हतं. त्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाच्या कडेला 'सुट्टी'चं बटण चालू होतं. वाचणाऱ्याच्या बोटांतली नाडी अस्वस्थ झाली, की पुस्तक तिथला मजकूर बदलून टाकायचं.

"सुट्टीत कुणाला रडायचंय? हल्ली सगळे असंच वाचतात."

वाचकांच्या पत्रांतलं 'आईंना नमस्कार सांगा' हे वाक्य तिला आता कळलं. शिसारी आली.

"माझ्या आईचं मरण पचत नाही, भजी बरी पचतात!" तिने पुस्तक हिसकावलं आणि बटण बंद करायला अंगठा टेकवला.

तिची नाडी लागताच पानावरची अक्षरं हलली. आई पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "आलीस? जेवलीस का गं?"

शाल्मलीला स्वतःचीच किळस आली. तिने बटण बंद न करताच अंगठा उचलला आणि पान उलटलं.