आठ मीटरचं अंतर

रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांनी आपले आपण गट करायचे आणि पुढच्या धोक्याची खबर वायरलेसवरून एकमेकींना द्यायची, असा प्रोग्रॅम ताईने तीन वर्षं रक्त आटवून लिहिला होता. गट जमायचे छान, टिकायचे मात्र नाहीत. आजच्या चाचणीत एक तरी गट अर्धा तास टिकला नाही, तर साहेब सगळं प्रोजेक्टच गुंडाळणार होते.

त्यात ऐन वेळी दोन गाड्या कमी पडल्या. नाइलाजाने ताईने दोन्ही भावांना गाड्या घेऊन बोलावलं. वडिलांची लोखंडी शिडी कुणाकडे राहणार, यावरून त्यांचा दोन वर्षं अबोला होता.

"लांब लांब राहा, पण रस्त्यात तमाशा नको," तिने दोघांना बजावलं.

स्क्रीनवर गाड्या जमत होत्या, पांगत होत्या. टिकली ती एकच जोडी. थोरला पुढे, धाकटा मागे, मध्ये आठ मीटर. चाळीस मिनिटं झाली तरी ते अंतर कमी नाही की जास्त नाही.

"मानलं बुवा तुला!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "जमवलंस कसं हे?"

ते ताईलाच कळत नव्हतं. तिने साहेबांसमोरच धाकट्याला फोन लावला, स्पीकरवर. "अरे, आज दादाची पाठ सोडत नाहीयेस, काय भानगड आहे?"



"ताई, माझी गाडी केव्हाच बंद पडलीय गं. दादा उतरला, एक शब्द न बोलता दोर बांधला, आणि तेव्हापासून ओढतोय मला."