चानकी

चौथ्या घरच्या पोळ्या झाल्या तेव्हा निर्मलाचा खांदा भरून आला होता. परातीत कणकेचा चिमुकला गोळा उरला. तिने त्याची तळहाताएवढी चानकी लाटली, तूप लावून त्या घरच्या नातवाला दिली. तो गुंडाळी करून उभ्या उभ्याच खाऊ लागला. कुठल्याही घरी तिचं काम असंच संपायचं.

आता घरी जाऊन पुन्हा कणीक, पुन्हा परात. सासूबाईंची पाठ धरली होती, त्यात सकाळी निघताना दोघींची कुरबूर झाली होती ती वेगळीच.

दार उघडलं तर करपल्याचा वास. सासूबाई पिठाचे हात पदराला पुसत ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" चप्पल काढता काढता निर्मला वैतागली.

"जेव मुकाट्यानं."

तिने डब्याचं झाकण काढलं. पोळ्या कुठे जाड, कुठे कच्च्या. सगळ्यांच्या वर एक एवढीशी, तूप लावलेली.

"ही कुणासाठी?" मुलगी केव्हाच सासरी गेली होती. घरात लहान असं कुणी नव्हतं.

"गोळा उरला होता. टाकायचा होय?"

आई गेल्यापासून तिच्यासाठी कुणी चानकी लाटली नव्हती. निर्मलाने गुंडाळी केली आणि तिथेच, ओट्याशी, पहिला घास घेतला.

"बसून खा," परात घासता घासता सासूबाई म्हणाल्या.