कुडाची भिंत

जिन्यातून धूर वर चढत होता आणि हेस्टरला खिडकीतून जेमतेम हात बाहेर काढता येत होता. जुन्या बांधणीची खिडकी. ओकचे जाडजूड गज, एकही हलेना. पलंगावर तिचा नवरा एमस पडून होता. झटका आल्यापासून त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं.

खालून शेजारचा गॉडसल ओरडला, "हेस्टर, जिन्याकडे फिरकू नकोस! पेटलाय तो! शिडी लावतोय मी!"

पण शिडीवर उतरायचं कुठून? वर छपराचं गवत तडतडू लागलं. हेस्टरने शेकोटीजवळची सळई उचलली. घराचा सांगाडा ओकचा, पण खांबाखांबांमधला कूड काटक्यांचा आणि चिखलाचा. तो फुटला तर माणूस निघेल एवढी वाट होणार होती.

"नको!" एमस कळवळला. "बापानं लिंपलीय ती भिंत. त्याच्या बापानं लिंपलीय. घाव घालू नकोस तिला. मला राहू दे इथंच."

"राहा. मग मीही राहते."

हेस्टर खरंच पलंगाच्या कडेला टेकली. खोकून खोकून तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. एमसने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"फोड," तो म्हणाला.

तिने घाव घातले. वाळका चिखल ढासळला, आतल्या काटक्या तिने हातांनी ओरबाडून काढल्या. भगदाडातून वाऱ्याचा झोत आत घुसला आणि त्याच क्षणी मागे दार धडाडून पेटलं. तिने एमसला घोंगडीत गुंडाळलं, पाय पुढे करून बाहेर ढकललं. गॉडसलने त्याला खांद्यावर झेललं. मागोमाग ती उतरली.

दिवस मावळेपर्यंत घराचे चार काळे खांब उरले. एमस गवताच्या भाऱ्याला टेकून बसला होता. बाहेर आल्यापासून तो हेस्टरशी एक शब्द बोलला नव्हता, तिच्याकडे बघतही नव्हता. हेस्टरला भगदाडातून घुसलेला तो वारा आठवत होता.

एमसचा धाकटा भाऊ ल्यूक बाजारातून धावत आला. त्याचाही जन्म याच घरातला. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांशी बोलून तो तरातरा या दोघांसमोर येऊन उभा राहिला.

"भिंत फोडली म्हणून वारा आत शिरला. नाहीतर ती बाजू तरी वाचली असती, म्हणतायत ते!" त्याचा आवाज चिरकला. "कुणाचे हात धजावले? आपल्या घराची भिंत कुणी फोडली?"

हेस्टरने सोललेले हात एप्रनखाली लपवले. सांगायला तिने तोंड उघडलं.

"मी," एमस म्हणाला. "मी फोडली."