लहान की मोठं?

गॅरेजच्या फरशीवर दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवली होती. एक लहान, एक मोठं. मेकॅनिकने हात पुसत विचारलं, "बोला साहेब, कोणतं बसवायचं?"

चष्मेवाल्याने तोंड उघडायच्या आत त्याची बायको म्हणाली, "लहान."

"वहिनी बरोबर बोलतायत," मेकॅनिक म्हणाला. "या गाडीला मुळात असंच होतं. सरळ बसेल. मोठं घेतलं तर गिअरबॉक्स बदला, रेडिएटर बदला. नसता व्याप."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. हसू एवढंसंच, पण चष्मेवाल्याला ते दातात अडकलेल्या काडीसारखं टोचलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

गाडी त्याच्या सासऱ्यांची; त्यांनीच मुलीला ती चालवायला शिकवलेली. ते गेल्यावर ती मुलीच्या नावावर झाली आणि बारा वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. मूळ इंजिन तडकलेलं, दुरुस्तीपलीकडचं. गाडी पुन्हा चालती करायची हे बायकोनेच काढलं. चष्मेवाल्याने होकार दिला, कारण बिचारी घरात कंटाळते हे त्यालाही दिसत होतं. पूर्वी ती एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पण तिथला मोठा डॉक्टर तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायचा. चष्मेवाल्याने तिला नोकरी सोडायला लावली. मग घाटापलीकडच्या एका हॉस्पिटलाने तिला बोलावलं, तेव्हा ते पत्र त्याने वाचलं, घडी घातली आणि विषय संपवला. बायकोच्या भल्याचं तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती.

आणि आता हा मेकॅनिक. आगीतून फुफाट्यात!

बायको दर शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये जायची. परतायची तेव्हा नखांत काळं ग्रीस आणि ओठांवर गुणगुणणं. जेवताना तिच्या तोंडी पिस्टन आणि क्लच. बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्या दुकानातल्या चष्म्याच्या काचेबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

"तुला कधीपासून एवढं कळायला लागलं?" त्याने एकदा विचारलं.

"मेकॅनिक समजावून सांगतो," ती म्हणाली. "फार शांतपणे सांगतो हो. एकदाही चिडत नाही."

चष्मेवाल्याचा घास तोंडातच फिरत राहिला.

पुढच्या शनिवारी तो दुकान लवकर बंद करून गॅरेजवर गेला. उघड्या बॉनेटखाली दोन डोकी अगदी जवळ होती. त्याला पाहताच बोलणं थांबलं.

"काय चाललंय?"

"लहान इंजिनाबद्दलच बोलत होतो," बायको जरा घाईने म्हणाली. "अहो, तेच घेऊया ना. आपल्याला कुठे लांब जायचंय?"

"मीही तेच म्हणतो," मेकॅनिक खाली मान घालून म्हणाला.

म्हणजे दोघांचं आधीच ठरलंय. माझी गाडी, माझी बायको, आणि ठरवणार हा! गाडी आपली नाही, हे रागाच्या भरात त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"मोठं बसवा," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"पण नाही अन् बिण नाही. मोठंच."

बायकोचा चेहरा पडला. मेकॅनिकने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. चष्मेवाल्याला कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला.

काम आणखी दोन महिने लांबलं. शनिवारही तेवढेच वाढले, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याच दिवसांत मेकॅनिक त्याच्याकडे चष्मा करायला आला. याला मुद्दाम चुकीचा नंबर द्यावा, म्हणजे दुसऱ्याची बायको नीट दिसायची नाही, असंही क्षणभर चष्मेवाल्याच्या मनात आलं. पण धंद्याची लाज आडवी आली.

शेवटी गाडी अंगणात आली. निळा रंग, नवी सीटं, आवाज असा भरदार की शेजारी खिडकीत जमले. बायकोने चाकावरून हात फिरवला. "छान निवडलंत हो इंजिन," ती म्हणाली. तिची ती शरणागती पाहून चष्मेवाला मनोमन सुखावला.

सोमवारी सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला तेव्हा अंगण रिकामं होतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कपाटातला बायकोचा कप्पा उघडा होता आणि त्यात एकही कपडा नव्हता.

त्याने शर्टाची बटणं चालता चालता लावली. गॅरेजला कुलूप असणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पळून गेले! दोघंही!

गॅरेज उघडं होतं. एका टेंपोखालून दोन पाय बाहेर आले होते. चष्मेवाल्याने त्यातला एक धरून ओढला, तर नवा चष्मा लावलेला मेकॅनिक बाहेर सरकला.

"तू इथेच?"

"मी कुठे जाणार साहेब?"

चष्मेवाला मटकन टायरवर बसला. त्याला इतकं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. "मग ती कुठे गेली?"

"वहिनी? आज रुजू व्हायचं होतं ना त्यांना, घाटापलीकडच्या हॉस्पिटलात. तिकडेच खोली घेतलीय म्हणाल्या. तुम्हाला ठाऊक नाही?"

चष्मेवाला म्हणाला, "एवढ्या लांब जायचं होतं, तर लहान इंजिन कशाला मागत होती?"

मेकॅनिक ओशाळून हसला. "मला वाटलं, नवरा-बायकोची गंमत चाललीय. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, 'घाट चढायला मोठंच हवं. म्हणून आपण दोघांनी लहान सांगायचं, म्हणजे ते हट्टाने मोठं बसवतील.'"