ठोक्याची पोळी

प्लंबरने शॉवरचा नळ झटक्यात बंद केला, तसा भिंतीतला पाइप धाडकन वाजला. स्वयंपाकघरात शालनकाकूंच्या हाताने आपसूक पोळी तव्यावर टाकली.

काकांना नळ हळू बंद करणं जन्मात जमलं नाही. "अहो, भिंत पडेल!" काकू रोज कावायच्या आणि त्याच ठोक्यावर पोळी टाकायच्या. काका अंग पुसून येईपर्यंत ती ताटात पडायची. काका गेल्यापासून भिंत गप्प होती; काकू नळ हलकेच फिरवायच्या.

"काकू, गळती थांबली," प्लंबर दारात येऊन म्हणाला. "पण पाइप आदळतोय. क्लिपा मारून देतो, आवाज कायमचा जाईल."

तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. काकूंनी तिच्यावर तूप सोडलं.

"पाइप तसाच राहू दे," त्या म्हणाल्या. "हात धुऊन ये. ठोका तू दिलास, पोळीही तूच खा."