उलटा छज्जा

"सळ्या वरच्या अंगाला घातल्यास ना?" चहा पिताना वर्गमित्र नाफडेनं विचारलं. टोकावर भार आला की छज्जा वरून फाटतो, म्हणून सळ्या वर हव्यात. मी त्या खाली घातल्या होत्या.

केळुसकर सर आम्हाला आरसीसी डिझाइन शिकवत. त्यांचा दंडक असा, की प्रत्येकानं हातभर लांबीचा छज्जा स्वतः ओतायचा, अठ्ठावीस दिवस त्याला पाणी पाजायचं आणि परीक्षेत त्याचं एक टोक लोखंडी चौकटीत आवळून दुसऱ्या टोकावर स्वतः उभं राहायचं. तो सत्ताविसावा दिवस होता. वर्ष बुडणार हे नक्की होतं. पाय मोडणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी छज्जा चौकटीत उलटा आवळला. खालच्या सळ्या निमूट वर आल्या. मी चढलो. केसाएवढी भेगही पडली नाही.

सर खाली वाकले. थापीनं गुळगुळीत केलेली वरची बाजू आता जमिनीकडे होती.

"चूक कधी कळली?"

"काल, सर."

"पास. पण गाढवा, इमारत उलटी करता येत नसते."

पस्तीस वर्षांनी सर गेल्याचं कळलं, तेव्हा मी बांधकामावर होतो. एका गॅलरीच्या सळ्या तिसऱ्यांदा बघायला शिडी लावली, तसा मिस्त्री वैतागला. "साहेब, वरच हायेत. दोनदा बघितल्यात तुम्ही!"

"ही खेप सरांची," म्हणालो आणि चढलो.