कट्यारीचं तेल

मुर्नीने मोटारसायकल ढकलत अंगणात आणली, तेव्हा हँडलला बांधलेली नारळाच्या कोवळ्या पानांची झुंबरं अजून हलत होती. तिचा उजवा गुडघा फुटला होता. कमरेपर्यंत भातखाचराचा चिखल. मागून तिची सात वर्षांची लेक पुतु, रिकामी टोपली छातीशी धरून. टोपलीतला भात, फुलं, उदबत्त्या, सगळा नैवेद्य खाली पुलाजवळच्या वळणावर खाचराच्या पाण्यात तरंगत होता.

"पडलात?" तिचा नवरा सुतेजा ओसरीवरून उठला.

मुर्नीने गाडी स्टँडवर चढवली, उकिडवी बसली, पुढच्या चाकाच्या डिस्कवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

चंदन.

सकाळी याच अंगणात तुम्पेक लांडेपची पूजा झाली होती. लोखंडाचा सण. देवघरातली कट्यार, मग कोयते, विळे, फावडं आणि रांगेच्या शेवटी मोटारसायकल. दर दोनशे दहा दिवसांनी येणाऱ्या या सणाला तिचे सासरे रावी कट्यार म्यानातून काढत, लिंबाने घासत आणि चंदनी तेलाने पुसत. आताही ते ओसरीवरच होते. शेजारी उशीवर कट्यार, पायाशी तेलाची बाटली.

"बाबा," मुर्नी म्हणाली, "चाकाच्या या चकतीला कट्यारीचं तेल कोणी लावलं?"

"मीच की." म्हातारा खुशीत हसला. "एवढ्या मोठ्या गाडीत तेवढंच एक पातं. आरशासारखं झालंय की नाही?"

शब्द मुर्नीच्या ओठांपर्यंत आले. त्यांतला एकही सासऱ्याला बोलण्याजोगा नव्हता.

"आई," पुतु म्हणाली, "तेल तर तूपण लावतेस. दर रविवारी. साखळीला."

मुर्नीने लेकीकडे पाहिलं. मग ओसरीवरची बाटली उचलली.

"इकडे ये. हात दे." तिने पुतुचं मनगट मुठीत आवळलं. "सोडव."

पुतुने ओढून पाहिलं. सुटेना.

"ब्रेक दाबला की आतले दोन पॅड चकतीला असे दोन्हीकडून धरतात. म्हणून चाक थांबतं. आता बघ." तिने बाटलीतलं तेल मनगटावर ओतलं आणि पुन्हा मूठ आवळली. "सोडव."

हात सर्रकन निसटला. पुतुला हसू आलं. आईचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"साखळीला पळायचं असतं, तिला तेल हवं. चकतीला थांबायचं असतं. वळणावर मी ब्रेक दाबला आणि चाक तुझ्या हातासारखं निसटलं."

"मग थांबलो कसे?"

"मागचा ब्रेक होता. म्हणून खाचरात पडलो. नदीत नाही."

लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. इथे सून लेकीशी बोलत होती आणि लागत होतं सासऱ्याला. म्हाताऱ्याचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी हात पुढे करून बाटली मागून घेतली आणि तिचं बूच लावलं. नीट, दोनदा दाबून.

"पुरे आता," सुतेजा हळू आवाजात म्हणाला. "सणाचा दिवस आहे. त्यांना काय कळतंय ब्रेकमधलं? मला तर तेव्हाच वाटलं होतं..."

तो थांबला.

"काय वाटलं होतं?"

सुतेजाने डोक्याचा रुमाल सारखा केला.

"तुम्ही बघत होतात?"

"अगं, ते मंत्र म्हणत लावत होते. वडिलांना मध्येच कसं अडवायचं? नंतर तुझी निघायची घाई. म्हटलं, दोन वळणांत उडून जाईल."

पलीकडच्या अंगणात कोणीतरी मसाला कुटत होतं. तो आवाज बंद झाला.

"निघताना पुतुच्या कमरेचा शेला तुम्ही बांधलात," मुर्नी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेजारी ऐकू जात होता. "गाठ सुटू नये म्हणून दोनदा मारलीत. मी गाडीवर बसले होते. चकती तुमच्या गुडघ्याशी होती. आणि तुम्ही गाठ मारत होतात."



तिने गाडीची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"जा. पुलापर्यंत जाऊन या. दोन वळणांत उडतं ना."

सुतेजा किल्लीकडे बघत राहिला. तेवढ्यात म्हातारा ओसरी उतरला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसले, देवळात बसावं तसे ताठ.

"बाबा, उतरा," सुतेजा म्हणाला.

"तेल मी लावलं," म्हातारा म्हणाला. "तू पाहिलंस. दोघं जाऊ. चल."

सुतेजाचा पाय उचलला नाही.

मुर्नीने पत्र्याचा डबा ओढला, त्यातून पाना काढला आणि ब्रेकच्या बोल्टला लावला. पॅडनी तेल शोषलं होतं. ते आता टाकूनच द्यावे लागणार होते. पहिला बोल्ट करकरत सुटला, दुसरा अडला. ती दात आवळून पान्यावर रेलली.

"उतरा बाबा," ती म्हणाली. "ब्रेक खोलायचाय. ही गाडी आज कुठे जात नाही."

"तू कर तुझं काम." म्हाताऱ्याची नजर मुलावरून हलली नव्हती. "मी बसतो. हा काय म्हणतो ते ऐकू दे."

किल्ली सुतेजाच्या तळहातावर तशीच होती. बोटं अजून मिटली नव्हती.